कोरा नमुना

सकाळी सव्वादहाला नंदाताईचा फोन आला, तेव्हा मी तातेरावांवर चिडले होते. तातेराव जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचे मदतनीस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि उन्हात काही वाळत घालायचं नाही हे मी त्यांना सहा वर्षांपासून सांगत आले आहे. आजही धुतलेल्या बाटल्या खिडकीत ओळीनं उभ्या होत्या. फोन कानाला लावला तरी मी त्यांच्याकडेच डोळे वटारून बघत होते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. माझी मोठी बहीण फोनवर गप्प राहणाऱ्यांतली नाही, त्यामुळे माझा राग तिथेच विरला.

"काय झालं ताई? गंधाली कशी हाय?"

"शाले, तिच्या लघवीची पिशवी काळी पडली," ताई म्हणाली. "पहाटं पिवळी होती. नर्सनं खिडकीपाशी टांगल्ती. आता बघते तर जांभळं कुस्करल्यावानी रंग." मग आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "आईसारखा."

गंधाली म्हणजे ताईची मुलगी, बावीस वर्षांची. चार दिवसांपासून अंबडच्या एका खासगी दवाखान्यात होती. पोटात कळा, उलट्या, नाडी एकशेतीस, आणि सोनोग्राफीत काही म्हणता काही नाही. साखरपुड्याला महिना राहिला म्हणून पोरगी पंधरा दिवस काकडी आणि लिंबूपाण्यावर राहिली होती. आधी पित्त म्हणाले, मग अपचन, आणि आता आतड्याला पीळ पडला असावा असं डॉक्टरांचं मत होतं. दुपारी चारला पोट उघडून बघायचं ठरलं होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि चार दिवस मी स्वतःला बजावत होते की हे तेच नाही. पिशवीचा रंग ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव राजूरपासून दोन कोसांवर. आईचं पोट दुखायचं, ती गडाबडा लोळायची, आणि परसातलं तिचं भांडं दुपारपर्यंत काळंजांभळं व्हायचं. बाहेरचं झालंय म्हणून माणसं लिंबू उतरवून टाकायची. आईनंही मग स्वतःसाठी उपास वाढवले. सोमवार होता, त्यात गुरुवार आला, शनिवार आला. शेवटी तिच्या हातातली ताकद गेली, पाण्याचा पेला उचलेना. अकराव्या दिवशी तिचा श्वास थांबला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला एका पुस्तकात मला हे सगळं एका पानावर छापलेलं सापडलं. लघवीचा रंग, पोट, हात, उपास, सगळं होतं. मी पुस्तक मिटलं आणि वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसले. आजाराचं नाव पोर्फिरिया.

रक्ताला लाल करणारा पदार्थ शरीर टप्प्याटप्प्यानं बनवतं. एखाद्या टप्प्यावर हात कमी पडला, की अर्धवट झालेला माल साचतो आणि लघवीतून बाहेर पडतो. त्यातूनच पोर्फिरिन तयार होतात, आणि उजेडात लघवी गडद होत जाते. माणूस उपाशी राहिला की हा आजार भडकतो. भुलीच्या काही औषधांनी आणि झटक्यावरच्या काही इंजेक्शनांनी तर इतका भडकतो, की माणूस टेबलावरून उठत नाही. साखरेचं पाणी शिरेतून दिलं की तो बहुतेकदा निवतो. आणि आईकडून मुलीकडे येण्याची शक्यता अर्धी. ताईची अर्धी, माझी अर्धी.

पुढं मी पोर्फिरिनवरच काम धरलं. लोक विचारतात, जालन्यासारख्या ठिकाणी हे कुठून सुचलं. मी काहीतरी ठोकून देते.

ताईनं फोन डॉक्टरांना दिला. माणूस तरुण होता, बरा वाटला. माझं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, हा आजार मी फक्त परीक्षेपुरता वाचलाय," तो म्हणाला. "मुंबईचा रिपोर्ट यायला चार दिवस लागतील. आतडं सडत असेल तर मुलगी उद्यापर्यंत हातची जाईल. तुमच्या कॉलेजच्या मशीनचा कागद मला चालत नाही. पण तुम्ही खात्रीनं सांगितलंत तर मी ऑपरेशन थांबवेन. तीनपर्यंत सांगा."

म्हणजे हो म्हणाले आणि चुकले तर गंधाली सडलेल्या आतड्यानं जाणार. नाही म्हणाले आणि चुकले तर भुलीनं जाणार. मी म्हणाले, "तीनच्या आत सांगते." आवाज मोठा ठणठणीत निघाला, कसा कोण जाणे.

दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, नमुना घेऊन मोटारसायकलवर निघायला सांगितलं. चपात्या गुंडाळतात त्या चांदीच्या कागदात बाटली गुंडाळा, ऊन लागू देऊ नका, असं तीनदा बजावलं. मग खुर्चीत बसले. तातेरावांनी विचारलं, "मॅडम, च्या ठेवू का?"

"आज अंगारकी हाय. मला उपास हाय," मी म्हणाले.

"च्या तर चालतो उपासाला."

"मला न्हाई चालत."

मंगळवारी आलेली संकष्टी, तिला आमच्याकडे केवढं महत्त्व. अंगारकीला अख्खा जालना चालत राजूरला जातो, पंचवीस-तीस किलोमीटर, गणपतीच्या दर्शनाला. माझी मुलगी चिन्मयीसुद्धा तिच्या आजीबरोबर पहाटे निघाली होती. ती बारावीला आहे, सतरा वर्षांची. काल रात्री सासूबाईंनी विचारलं होतं, "शाला, पोरीला नेऊ का संगं?" मी म्हणाले, "न्या. घरातलं कुणीतरी गंधालीसाठी चालून जावं." चिन्मयीनं स्वतःहून निर्जळी धरली. चंद्र निघेपर्यंत पाण्याचा थेंब नाही म्हणाली. मला कौतुक वाटलं.

आता कुणी म्हणेल, उपाशी राहिल्यानं आजार भडकतो हे जिला तोंडपाठ आहे, तिनं पोटच्या पोरीला निर्जळी चालत कसं पाठवलं. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मला तो आजार नाही. आणि मला नाही म्हटल्यावर चिन्मयीला असण्याचा प्रश्नच नाही. मला नाही हे मला कसं माहीत, तर मी कोरा नमुना होते.

आमचं मशीन असं. केसाएवढी बारीक काचेची नळी, हातभर लांब. तिच्यात क्षाराचं पाणी भरायचं, एका टोकाला नमुन्याचा कणभर थेंब घ्यायचा आणि दोन्ही टोकांना वीस हजार व्होल्ट लावायचे. नळीतलं पाणी सगळ्यांना ओढत दुसऱ्या टोकाकडे नेतं. पण पोर्फिरिनना आम्लाचे हात असतात आणि प्रत्येक हातावर ऋण भार. हे हात उलट्या दिशेनं ओढतात. ज्याला चार हात, तो थोडा रेंगाळतो आणि सहाव्या मिनिटाला बाहेर पडतो. तो सगळ्यांच्याच लघवीत असतो. ज्याला आठ हात, तो सगळ्यांत मागे, साडेनऊ मिनिटांनी येतो. आजाराच्या झटक्यात हा आठ हातांचा वाढतो. पडद्यावर त्याचा डोंगर उभा राहतो.

तुलनेला निरोगी माणसाची लघवी लागते. तिला आम्ही कोरा नमुना म्हणतो. पहिल्या दिवसापासून ती मी माझीच वापरत आले. फुकट, ताजी, रोज मिळणारी, असं मी विद्यार्थ्यांना हसत सांगायची. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. वहीत माझ्या नमुन्यापुढे 'कोरा' असं लिहिलं की मला त्या दिवशी झोप लागायची.

साडेनऊ मिनिटांवर माझ्याही रेषेत एक उंचवटा यायचा. थोडं तर निरोगी माणसातही असतं, पुस्तकात लिहिलंय. थोडं म्हणजे किती, हे मोजायला ठाऊक मापाचं पोर्फिरिन भरलेली प्रमाणित कुपी फ्रीजरमध्ये होती. मी तिच्याशी विद्यार्थ्यांनी आणलेले रुग्णांचे नमुने ताडून बघितले, स्वतःचा कधी बघितला नाही. मे महिन्यात फ्रीजर बंद पडून ती कुपीही गेली, नवी अजून यायची होती. ती गेली तेव्हा मी कार्यालयात जाऊन भांडले, पण मनातून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज ती नसल्यामुळे गंधालीची तुलना फक्त माझ्याशीच होणार होती.

दाजी साडेबाराला आले. बाटली चांदीच्या कागदात, त्यावर काळी पिशवी, त्यावर त्यांचा टॉवेल. घामानं चिंब माणूस दारातच उभा राहिला, आत यायला घाबरत होता.

"बराबर आणलंय ना?" त्यांनी विचारलं. "पोरगी वळखंना झालीय. मला म्हणली, तुम्ही कोण?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. नमुना गाळला, क्षार नि मळ वेगळा काढणाऱ्या छोट्या स्तंभातून सोडला, आटवला. माझाही बाजूला तसाच तयार केला. कुप्या तातेरावांनी धरल्या. पहिल्या वेळेस वीज अशी फडफडली की नळीत बुडबुडा धरला आणि प्रवाह तुटला. पाऊण तास धुण्यात गेला. दाजी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि मी त्यांच्यावर खेकसले. नंतर लाज वाटली.

दोनला माझा कोरा नमुना चालवला. नेहमीसारखाच आला. मग गंधालीचा. त्या साडेनऊ मिनिटांत मी एकदाही बसले नाही. सहाव्या मिनिटाला चार हातांचा आला. सात, आठ. मी मनातल्या मनात आईशी बोलत होते, इतक्या वर्षांत बोलले नव्हते तसं. साडेनवाला रेष वर चढली.

ती सलाइननं पातळ झालेली लघवी होती, ते धरून मी मोजलं. पुन्हा मोजलं. आजार म्हणायचा तर निरोगी माणसाच्या पाचपट तरी पाहिजे. गंधालीचा आकडा माझ्या दुपटीलाही पोचत नव्हता.

"न्हाई," मी दाजींना म्हणाले. "आईचा आजार न्हाई हिला."

दाजींनी हात जोडले आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडले. माझ्या जिवात जीव आला. रंग औषधांनीही बदलतो, चार दिवसांत तिला काय काय टोचलंय देव जाणे, असं मी त्यांना आणि स्वतःला समजावलं. पावणेतीनला डॉक्टरांना फोन केला. "नाही," मी खात्रीनं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं मॅडम, मग उशीर नको. साडेतीनलाच घेतो तिला." दाजी लगेच निघाले. त्यांच्या मोटारसायकलचा आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत मी खिडकीत उभी होते.

परत आले तर तातेराव पडद्यापुढे उभे. दोन्ही रेषा एकावर एक ठेवलेल्या, माझी निळी, गंधालीची लाल.

"मॅडम, यातली आजारी कोणती?" त्यांनी विचारलं.

"लाल."

"आन् ही निळी?"

"निरोगी माणसाची. माझी."

ते पडद्याजवळ वाकले. "एकाच घरच्या वाटून राह्यल्या," ते म्हणाले. "दोघींचा डोंगर बराबर एकाच जागी. निरोगी माणसाला बी एवढा मोठा असतो व्हय?"

"असतो थोडा," मी तुटकपणे म्हणाले. "तुम्ही बाटल्या धुवा."

ते गेले नाहीत. तातेरावांना हाकललं की ते हमखास थांबतात, हा त्यांचा जुना दोष. मी पडद्याकडे बघत होते. असतो थोडा. थोडा म्हणजे किती, हे मला सांगता येत नव्हतं, कारण आठ वर्षांत या मशीनमध्ये निरोगी म्हणून माझ्याशिवाय दुसरं माणूस गेलंच नव्हतं.

"तातेराव," मी म्हणाले, "तुमचा नमुना द्या."

"कशाचा?"

"लघवीचा. जल्दी."

साठीला आलेला माणूस लाजला. "मला काय झालंय मॅडम? शुगर बी न्हाई मला."

"म्हणूनच पाहिजे."

त्यांनी बाटली घेतली आणि निमूट गेले. गाळणं, स्तंभ, आटवणं, सगळं मी जमेल तितकं घाईत उरकलं. तीन वाजून अठरा मिनिटांनी बटण दाबलं. मी इतकी घाबरले होते की तातेराव बोलले ते मला ऐकूच आलं नाही. ते म्हणत होते, खाली बसा, पडाल.

सहाव्या मिनिटाला चार हातांचा आला, माझ्या आणि गंधालीच्या इतकाच. म्हणजे मशीन ठीक होतं आणि नमुनाही पाणचट नव्हता. सात. आठ. नऊ. साडेनऊला रेष थोडी हलली. टाचणीच्या डोक्याएवढा टेंगूळ आला आणि गेला. दहा झाले, अकरा झाले. रेष सरळ चालली होती.

मी तातेरावांना एक धरून मोजलं. मी बावीस निघाले. गंधाली चाळीस.

मी फोन उचलला. घड्याळात साडेतीन वाजत होते. डॉक्टरांचा फोन लागेना. दाजींना लावला, ते रस्त्यावर, कोण उचलणार. ताईनं उचलला.

"ताई, गंधाली कुठं हाय?"

"आत नेलं आत्ताच. दार लावलं."

"दार वाजव. भूल देऊ नका म्हणावं. माझं चुकलं. आईचाच आजार हाय."

 ताई म्हणाली, "तूच तर म्हणलीस न्हाई म्हणून. तुझे दाजी फोनवर आनंदानं रडले."  "मग आता कोणतं खरं धरू मी?"

"आत्ताचं. ताई, दार तोडायचं तर तोड. आईची शपथ हाय तुला."

फोन तिच्या हातात तसाच राहिला असावा. पत्र्यावर मारल्यासारखे धपके ऐकू आले. एक बाई ओरडली, इथं यायचं नाही. ताई काहीतरी बोलली, पुन्हा धपके. माझी बहीण आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोललेली नाही. तिच्या सासरी ती स्वैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येत नव्हती. ते धपके ऐकत मी इकडे उभी, आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

मग डॉक्टरांचा आवाज आला, चिडलेला. "मॅडम, हे काय चाललंय? इंजेक्शन भरून ठेवलंय माझ्या भूलतज्ज्ञांनी."

"दिलंय का?"

"अजून नाही."

"देऊ नका. तिला पोर्फिरियाच आहे. आठ हातांचा पोर्फिरिन चाळीस पट आहे."

"पाऊण तासापूर्वी तुम्ही म्हणालात, दुप्पटही नाही."

"ज्याच्याशी तुलना केली तो नमुना निरोगी नव्हता."

"कुणाचा होता?"

हे वाक्य मला एवढ्या वर्षांत एकदाही म्हणता आलं नव्हतं, वहीत नाही, आरशापुढे नाही. "माझा," मी म्हणाले.

 डॉक्टरांचा आवाज बदलला. ते मागं कुणालातरी म्हणाले, बाहेर घ्या तिला, दहा टक्क्यांचं ग्लुकोज लावा, चालू औषधांची यादी आणा. मला म्हणाले, "मुंबईला फोन करतो. यावरचं खास औषध तिकडून मागवावं लागेल. तोवर साखरेवर ठेवतो. तुम्ही मोकळ्या झालात की या, सगळं लिहून द्या." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः आज काही खाल्लंय ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलले. फोन ठेवला आणि मग मला चिन्मयी आठवली.

आठवली असं म्हणायला नको. ती सकाळपासून मनात होतीच, बहिणीसाठी उपास धरणारी शहाणी लेक म्हणून. आता ती वेगळीच दिसायला लागली. मला नाही म्हणून तिला नाही, हे मी आठ वर्षं धरून बसले होते. मला आहे. तिची शक्यता अर्धी. सतरा वर्षांची पोर, पहाटेपासून उन्हात तीस किलोमीटर, पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि तिला पाठवणारी मी. आईला उपास कुणी सांगितले नव्हते, तिला बिचारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तिचा फोन लागेना. अंगारकीला राजुरात लाखभर माणूस असतं, कुणाचाच लागत नाही. सासूबाईंचा लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. तातेराव शेजारी उभे होते, त्यांना काही कळलं होतं की नाही ठाऊक नाही, पण ते हलले नाहीत. पाचव्या वेळी सासूबाईंनी उचलला. घंटा, भोंगा, माणसांचा कालवा.

"शाला? दर्शन झालं गं बराबर. गर्दी लई हाय."

"चिन्मयी कुठं हाय?"

"हितंच बसलीय मांडवात. पोटात दुखून राह्यलं म्हनली. उपाशीपोटी चालल्यानं असंल. चंद्र निघाला की जेवली म्हंजे..."

"तिला फोन द्या."

"अगं काय झालं?"

"फोन द्या तिला. आत्ता."

सासूबाईंशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्यानं दिला.

"आई," चिन्मयी म्हणाली. आवाज दमलेला होता, पण त्यात जरा अभिमान होता. "मी पाणीपण नाही प्यायले बरं का."

"बाळा, तुझ्या पायात, हातात मुंग्या येताहेत का?"

"नाही गं. फक्त पोट. थोडंसंच."

"आजीकडे प्रसाद असेल. काय आहे?"

"पेढे आहेत. का?"

"खा. आत्ता तोंडात घाल एक."

"आई, संकष्टी आहे. चंद्र कुठं निघालाय अजून?"

"चंद्राचं राहू दे."

 मागं सासूबाई काहीतरी विचारत होत्या. मग तिनं हळूच विचारलं, "आणि गंधालीताईचं? मी तिच्यासाठी धरलाय. मध्येच सोडला आणि तिला काही झालं तर?"

मला तिला कडेवर घ्यावंसं वाटलं, सतरा वर्षांच्या घोडीला. "गंधालीला डॉक्टर साखर देताहेत," मी म्हणाले. "तिला आता साखरच हवी आहे. तुलाही. बाकीचं घरी आल्यावर सांगते. मी येतेय तुला न्यायला. घातलास का तोंडात?"

"घातला."

"फोन ठेवू नकोस. खात राहा. मला ऐकू येऊ दे."

भोंग्यावर कुणाचंतरी हरवलेलं मूल पुकारत होते. त्याखालून पेढा चावल्याचा बारीक आवाज येत होता. मी फोन कानात घुसेल इतका दाबून धरला होता. तातेरावांनी चहाच्या कपाटातून साखरेचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि झाकण उघडलं. 

"आई, तू खाल्लंस का काही?" चिन्मयीनं तोंडात घास असतानाच विचारलं.

मी डब्यात हात घातला आणि मूठभर साखर तोंडात टाकली. इतकी कोरडी होती की गिळता येईना.

"खातेय," मी कशीबशी म्हणाले. "दुसरा घे."

"घेतला." ती चावत राहिली. मग म्हणाली, "आई, किती खाऊ?"

"मी येईपर्यंत," मी म्हणाले. चपला घालत होते तेव्हाही फोन कानालाच होता आणि दुसऱ्या हातात डबा होता.